कारखान्यांतील जिवाचे राखणदार

कोल्हापुराहून बेंगळूरच्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें, कीं गोकुळ शिरगांवच्या कारखान्यांची रांग मागें पडते आणि थोड्याच वेळांत कागल लागतें. घाटगे घराण्याची ही जुनी जहागीर. राजर्षि शाहू छत्रपति २६ जून १८७४ रोजीं याच घराण्यांत जन्मले आणि याच घराण्यांतून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. एके काळीं सर्वस्वी शेतीवर जगणाऱ्या या तालुक्यांत आज सहकारी साखर कारखाने आहेत, आणि कागल–हातकणंगले या नांवाची पंचतारांकित म्हणून ओळखली जाणारी मोठी औद्योगिक वसाहतहि आहे.

अशा वसाहतींतील मोठ्या कारखान्याच्या दारांतून सकाळच्या पाळीस आंत शिरणाऱ्या माणसांत एखाद-दुसरा असा असतो, कीं जो कांहीं घडवीत नाहीं, कांहीं विकीत नाहीं, आणि जमाखर्चहि लिहीत नाहीं. आंत गेलेलें प्रत्येक माणूस संध्याकाळीं धडधाकट बाहेर पडावें, एवढें पाहणें हेंच त्याचें काम. त्याला सुरक्षा अधिकारी म्हणतात. अलीकडे सुशिक्षित घरांतील मुलें-मुली या व्यवसायाकडे वळूं लागलीं आहेत. परंतु डॉक्टर किंवा वकील यांच्या कामाची जशी ओळख वडीलधाऱ्यांस असते, तशी या कामाची नसते. ही जागा कारखान्यांत कशी निर्माण झाली, ती कोणी मागितली आणि ती मिळण्यास किती काळ लागला, हा इतिहास पाहिल्यावांचून या व्यवसायाचें खरें स्वरूप ध्यानांत यावयाचें नाहीं.

यंत्रापासून होणारी इजा कोल्हापूरच्या मुलखास अगदींच नवी नव्हती. गुऱ्हाळांत चरकामध्यें ऊस घालणाऱ्या गड्याचा हात, उकळत्या काहिलीजवळ उभा असलेला गुळव्या, चुलवाणांत चिपाडें सारणारा माणूस, या सर्वांस धोका होताच. परंतु बैलांच्या चरकाचा धनी बहुधा तेथेंच उभा असे आणि हांक मारतांच बैल थांबत. वाफेच्या यंत्रानें ही स्थिति पालटली. एका मोठ्या चाकावरून शेंकडों पट्टे फिरूं लागले. ते चालविणारा एकीकडे, त्यांजवळ राबणारा दुसरीकडे, आणि त्यांचा मालक तिसरीकडेच. कोणा एकाच्या किंकाळीनें तें चाक थांबत नसे. आपल्या देशांतील कारखान्यांच्या कायद्याचा प्रश्न येथून सुरू झाला.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं कापसाच्या गिरणीची उभारणी १८५४ सालीं हातीं घेतली. पुढील वीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्यानें वाढली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आठवड्याची सुटी नाहीं, सहा-सात वर्षांचीं पोरें यंत्रांखालीं झाडलोट करीत असलेलीं, हा तेथील नित्याचा देखावा होता. मेजर मूर या सरकारी अधिकाऱ्यानें १८७३ च्या सुमारास आपल्या अहवालांत या स्थितीचा उल्लेख केला, तेव्हां तिची चर्चा विलायतेपर्यंत गेली. १८७५ सालीं मुंबई सरकारनें एक आयोग नेमला. पण त्यांतील बहुसंख्य सभासदांस कायद्याची आवश्यकता वाटली नाहीं. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं मात्र पाठपुरावा सोडला नाहीं आणि १८७८ सालीं स्वतःच एका कायद्याचा मसुदा तयार केला.

या मसुद्यास विरोध करणारांत केवळ गिरणीमालकच होते असें नाहीं. लँकेशायरचे कारखानदार हिंदी गिरण्यांची बरकत पाहून अस्वस्थ झाले असून त्यांनाच हा कायदा हवा आहे, असा संशय अनेक एतद्देशीय पत्रांनीं बोलून दाखविला. हा संशय निराधार नव्हता. परंतु देशी उद्योगाचें हित आणि देशी मजुराचा जीव या दोहोंचा तोल घालतांना मजुराचें पारडें कोणी हातीं धरलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. कागदोपत्रीं चाललेल्या या वादांत खुद्द मजुराचा आवाज अद्याप उमटलाच नव्हता.

अखेर १८८१ सालीं पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांस त्यानें मनाई केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे कामाचे तास नऊ ठरविले, धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कठडे घालावे असें सांगितलें, आणि अपघाताची खबर सरकारास देण्याचें बंधन घातलें. प्रौढ माणसाच्या तासांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. शिवाय हें सर्व पाहणार कोण? इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानेंच चार निरीक्षक नेमले गेले होते, आणि निरीक्षकावांचून कायदा म्हणजे केवळ कागद, हा अनुभव त्या देशानें घेतला होता. येथें हें काम आधींच अनेक कामांनीं गांजलेल्या कलेक्टराच्या गळ्यांत पडलें. १८८२ सालीं मीड किंग नांवाचे अनुभवी निरीक्षक विलायतेहून मुंबईस आणविले गेले. कारखान्यांत फिरून यंत्र पाहणें, मुलांचीं वयें पडताळणें, पाहिलेलें लिहून काढणें, या वृत्तीचा धडा मुंबईस त्यांच्या कामांतून मिळाला.

१८८४ हें साल दोन कारणांनीं स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं कागलचा दहा वर्षांचाहि न झालेला यशवंतराव घाटगे हा मुलगा शाहू या नांवानें कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनीं स्वतः गिरणीच्या कोठारांत नोकरी केलेली असल्यामुळें आंतली स्थिति त्यांस प्रत्यक्ष ठाऊक होती. त्या वर्षीं सरकारनें नेमलेल्या दुसऱ्या आयोगासाठीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला.

त्या अर्जांत पांच मागण्या होत्या. दर रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास संपावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. आणि काम करतांना अपघात झाल्यास माणूस बरा होईपर्यंत त्यास पूर्ण वेतन द्यावें, तो जन्माचा पंगु झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय लावावी. पहिल्या चार मागण्या वेळेच्या व पैशाच्या आहेत. पांचवीची जात निराळी आहे. गिरणींत तुटलेला हात हा त्या माणसाच्या दैवाचा खेळ नसून त्या कामाच्या खर्चाचा भाग आहे, हा विचार तींत आहे. बहुतेक सह्या करणारांस अक्षरओळख नसेल. पण पुढील शंभर वर्षांच्या कायद्याचें बीज त्यांच्या त्या एका वाक्यांत पडलें.

तें बीज लवकर रुजलें नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तींत दोन स्त्रियाहि बोलल्या. आणि १० जून रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या सुधारलेल्या कायद्यानें पन्नास माणसांच्या कारखान्यांसहि आपल्या कक्षेंत घेतलें, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली आणि नऊ वर्षांखालील मुलांस दारें बंद केलीं. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगच्या सांथींत वारले. त्यांच्या पांचव्या मागणीस कायद्याचें रूप येण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्या वर्षीं झाला. मधें एकूणचाळीस वर्षें लोटलीं होतीं.

याच काळांत यंत्रयुग करवीरांतहि आलें. शाहू महाराजांनीं १९०६ सालीं कोल्हापुरांत शाहू छत्रपति स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलचा पाया घातला. संस्थानांत उद्योग वाढावा ही त्यांची तळमळ होती. पण उद्योगाबरोबर कामगारानें संघटितहि व्हावें, असें त्यांचें मत होतें, आणि १९१८ सालीं मुंबईस परळच्या सभेंत त्यांनीं तें उघडपणें मांडलें. पुढें मार्च १९२० मध्यें कागल जहागिरींतील माणगांवीं अस्पृश्य समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते, आणि महाराजांनीं तेथें जातीनें येऊन, तुम्हांस तुमचा पुढारी लाभला, अशा आशयाचे उद्गार काढले. हेच डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री होते. कारखान्यांतील आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारें १९४६ चें दुरुस्ती विधेयक त्यांच्याच खात्याचें. आणि १९४५ सालीं त्याच खात्यांत कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचें कार्यालय निघालें, ज्यांतून पुढें सुरक्षिततेचें शास्त्र शिकविणारी देशव्यापी संस्था वाढली. कागलच्या जहागिरींत ज्याच्या नेतृत्वाची ग्वाही दिली गेली, त्याच्याच कारकीर्दींत या व्यवसायाचें पहिलें सरकारी घर बांधलें गेलें, हा योगायोग असला तरी विचार करण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला आणि १ एप्रिल १९४९ पासून अंमलांत आला. यंत्रांचे कठडे, हवा, उजेड, पिण्याचें पाणी, आग विझविण्याची तजवीज, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांत स्पष्ट झाल्या. तरीहि एक उणीव राहिलीच. नुकसानभरपाई मिळते ती हात तुटल्यानंतर. निरीक्षक येतो तो अपघातापूर्वीं, पण वर्षांतून एखाद-दुसऱ्या वेळीं. आणि त्या दिवशीं सर्व कठडे जागच्या जागीं असतात. उरलेल्या तीनशें दिवसांचें काय? रोज तेथेंच असणारा, यंत्रांची प्रकृति जाणणारा आणि दुसरें कोणतेंहि काम नसलेला माणूस कारखान्याच्या पोटांतच हवा, हें हळूहळू पटूं लागलें. ४ मार्च १९६६ रोजीं राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९७२ पासून ती तारीख सुरक्षा दिन म्हणून पाळली जाते. १९७६ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत, तसेंच सरकारास विशेष धोक्याचे वाटतील अशा कारखान्यांत, सुरक्षा अधिकारी नेमणें मालकावर बंधनकारक झालें. महाराष्ट्रानें त्यासाठीं १९८२ सालीं नियम केले.

या नियमांस दोन वर्षें होतात न होतात, तोंच २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीं भोपाळ येथें युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि निजलेल्या शहरांतील हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. कारखान्याची जोखीम त्याच्या भिंतींपाशीं संपत नाहीं, हें त्या रात्रीनें दाखविलें. १९८७ च्या दुरुस्तीनें धोकादायक प्रक्रियांसाठीं स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. आपण हाताळतों तो पदार्थ कोणता, त्यानें काय अपाय होतो, हें जाणण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला, आणि शेजारच्या वस्तीसहि माहिती देणें आवश्यक ठरलें. २०२० सालीं संसदेनें सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिति यांविषयींची एकत्रित संहिता संमत केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू होऊन तिनें १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. तिच्यांत सुरक्षा अधिकाऱ्यासाठीं कामगारांची संख्या हजारावरून पांचशेंवर आणली आहे, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशेंवर. म्हणजे या व्यवसायाचें क्षेत्र वाढलें. परंतु त्याच संहितेनें ‘कारखाना’ या संज्ञेची मर्यादा यंत्रशक्ति असल्यास दहावरून वीस माणसांवर नेली. छोट्या कारखान्यांतील माणसाच्या बोटांची किंमत कमी नसते. म्हणून या दुसऱ्या गोष्टीची चिंता वाहणाराहि कोणी असला पाहिजे.

आतां या व्यवसायाची वाट पाहूं. सामान्यतः अभियांत्रिकी, रसायन किंवा पदार्थविज्ञान यांतील पदवी अथवा पदविका, कारखान्यांत देखरेखीच्या जागेवर कांहीं वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्य पदविका, अशी ही पात्रता असते. मुंबईंत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेंत हा अभ्यासक्रम शिकवितात. सरकारी वाटेनें जाणारांस औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची नोकरी आहे. वैद्यकाच्या पदवीधरांस औद्योगिक आरोग्याचें निराळें शिक्षण आहे. मुलींसहि ही वाट मोकळी आहे. इंग्लंडांत तर १८९३ सालींच स्त्रिया कारखाना-निरीक्षक झाल्या होत्या. नियमांत आणखी एक अट आहे, आणि ती फार मार्मिक आहे : त्या भागांतील बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्यास चांगली आली पाहिजे. कागल ही तर मराठी व कानडी या दोन भाषांची सीमा, आणि आतां फौंड्रीच्या भट्टीपुढें उत्तरेकडून आलेला मजूरहि उभा असतो. इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यांनीं १७०० सालीं धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां रोग्यास, तूं काय काम करतोस, असा प्रश्न विचारीत जावा, अशी त्यांची शिकवण होती. तो प्रश्न विचारावयाचा तर त्याची भाषा आली पाहिजे, आणि त्याचें उत्तर ऐकण्याची सवडहि पाहिजे.

कामाचें स्वरूप या मुलखांतील दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. साखर कारखान्यांत हंगाम ऐन भरांत असतांना गव्हाणींत ऊस अडकतो आणि तो मोकळा करण्यास माणूस आंत उतरतो. त्या क्षणीं दूर खोलींतून दुसऱ्या कोणी बटण दाबलें, तर काय होईल हें सांगणें नको. उपाय साधा आहे : आंत उतरणारानें वीज तोडून बटणास स्वतःचें कुलूप लावावें आणि किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. मळीच्या बंद टाकींत हवा तपासल्यावांचून कोणी उतरूं नये; कारण तेथील हवा डोळ्यांस स्वच्छ दिसूनहि प्राणघातक असूं शकते, आणि पहिल्यास वाचवावयास धांवलेला दुसराहि तेथेंच कोसळतो. फौंड्रींत तापलेला रस सर्वांस दिसतो. पण सांच्याच्या वाळूची बारीक धूळ दिसत नाहीं. ती वर्षानुवर्षें फुफ्फुसांत बसून सिलिकोसिस हा रोग जडतो, आणि तो बरा करण्याचा इलाज नाहीं. म्हणून तोंडाला फडकें बांधा, असें सांगून अधिकाऱ्याचें कर्तव्य संपत नाहीं. प्रथम धोका समूळ काढतां येतो का तें पाहावें; न आल्यास कमी धोक्याची वस्तु वापरावी; तेंहि न साधल्यास यंत्र बंदिस्त करावें, धूळ जागच्या जागीं ओढून घ्यावी; आणि शिरस्त्राण, हातमोजे यांचा आधार सर्वांत शेवटीं. या शास्त्राचें सार या क्रमांत आहे.

या व्यवसायाची खरी कसोटी मात्र शास्त्रांत नाहीं. निरीक्षकाचा पगार सरकार देतें. सुरक्षा अधिकाऱ्याचा पगार मालक देतो. ज्याचें अन्न खावें त्यालाच, तुमचें यंत्र धोक्याचें आहे, तें बंद करा, असें सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो; आणि तो प्रसंग बहुधा हंगामाच्या गर्दींत, दारांत उसाच्या गाड्या खोळंबलेल्या असतांनाच येतो. हें ओळखूनच नियमकर्त्यांनीं त्यास वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा दिला, कारखान्याच्या मुख्याच्या थेट हाताखालीं ठेवलें, आणि त्याच्या कर्तव्यास बाधा आणील असें दुसरें काम त्यास देऊं नये असें ठरविलें. तरीहि नियम त्यास खुर्ची देऊं शकतो, जीभ देऊं शकत नाहीं. अपघात टळला, तर तो टळला हें कोणास कळतहि नाहीं. वाचलेला हात आपण वाचलों असें कधीं बोलून दाखवीत नाहीं. यश आलें तर, या माणसाची गरजच काय, असें विचारलें जातें, आणि अपयश आलें तर, हा होता कोठें, असें विचारलें जातें. जो तरुण ही गोष्ट समजून-उमजून या वाटेस लागेल, तोच येथें टिकेल.

१८८४ सालीं साडेपांच हजार कामगारांनीं मागितलें तें हेंच, कीं यंत्रापुढें उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी कोणी तरी घ्यावी. प्रथम ती कलेक्टराच्या दप्तरांत पडली, मग निरीक्षकाच्या वहींत आली, आणि आज ती कारखान्यांतच राहणाऱ्या एका शिकलेल्या माणसाच्या हातीं सोंपविली आहे. ज्या घरांतून असा मुलगा किंवा मुलगी या कामास जाईल, त्या घरानें पगाराची चौकशी अवश्य करावी. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : गव्हाण थांबवावयाची वेळ आली, तर तूं ती थांबवशील ना? या प्रश्नास ठाम होकार देणारीं माणसें जितकीं वाढतील, तितकीं पाळी संपल्यावर आपापल्या घरीं परतणारीं माणसें वाढतील.